वाचकांचे प्रश्न : ऑटोक्रॉसले कोणते ब्रेक पॅड टाकू, भाऊ?

मागच्या वेळी मुरमावरच्या टायरबद्दल लिहिलं होतं तर या महिन्यात सगळे प्रश्न ब्रेकचेच आलेत. नवीन वाचकांसाठी एवढंच, ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात डबे ठेवून त्यांच्यामधून कमीत कमी वेळात गाडी काढायची स्पर्धा, आणि ब्रेक पॅड म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर दाबून गाडी थांबवणारा तुकडा. दारव्ह्याच्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्न बऱ्याच पोट्ट्यांच्या मनातला आहे आणि त्यात जीवाचा मामला आहे, म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : भाऊ नमस्कार. माझ्याकडे २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, घरी, बाजारात, वावरात तीच चालते. या हिवाळ्यात पहिल्यांदा ऑटोक्रॉसले उतरतो आहे, धुऱ्याच्या पलीकडे मुरमाचा मोठा प्लॉट आहे तिथं डबे ठेवून प्रॅक्टिस करतो. माझा एक दोस्त पुण्याले राहते, तो म्हणते ओरिजिनल पॅडवर काहीच होत नाही, पूर्ण रेसचे पॅड टाक, सातशे डिग्रीपर्यंत त्यांची पकड कमी होत नाही. महाग आहेत, पण पहिल्याच रनमधे ब्रेक गेले तं काय करू? कोणते टाकू ते सांगजा. — एक वाचक, दारव्हा

उत्तर : पैसे दिले नसशील तर अजून देऊ नको. तुझा दोस्त सातशे डिग्रीचं सांगतो ते खोटं नाही, पण तुझी डिस्क त्या आकड्याच्या जवळपासही जाणार नाही, हे आधी समजून घे.

ऑटोक्रॉसचा एक रन म्हणजे एक मिनिट धर, थोडा इकडेतिकडे. डब्यांमधून गाडी काढायची, कुठं दुसरा गिअर, कुठं थोडा वेळ तिसरा, आणि लगेच पुढचं वळण. तुझी गाडी आणि तू मिळून हजार किलो धरू. ६० वरून २५ वर यायला ब्रेकला साधारण ११५ किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते, आणि एका रनमधे असे सहा जोराचे ब्रेक धरले तरी सातशेच्या आत. त्यातला सत्तर टक्के भार पुढच्या चाकांवर येतो असं मान. पुढच्या दोन्ही डिस्क मिळून नऊ किलो बीड, म्हणजे ओतीव लोखंड, धरलं तर ते शंभर-सव्वाशे डिग्रीनं तापते, म्हणजे हिवाळ्याच्या सकाळी सुरुवात केली तर रन संपेपर्यंत डिस्क दीडशेच्या आसपास, आणि मग तू लाईनमधे उभा, दुसरा नंबर येईपर्यंत सगळं थंड. मुरमावर तर याच्याही कमी, कारण तिथं टायर घसरते आणि बरीचशी ऊर्जा माती खरवडण्यात जाते.

आता पूर्ण रेसचा पॅड घे. तो बनलेला असते सर्किटसाठी, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट अशा ठिकाणी, जिथं लांब सरळ पट्ट्यावर गाडी जोरात येते आणि दर लॅपला तेच तेच कडक ब्रेक लागतात, डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही. स्पीड वाढला की हिशोब कसा बदलतो ते बघ, ६० वरून पूर्ण थांबायला १३९ किलोज्यूल आणि १०० वरून थांबायला ३८६, म्हणजे स्पीड दीडपटीच्या थोडा वर गेला आणि काम पावणेतीन पट झालं. तिथं सातशे डिग्रीचा पॅड पाहिजेच. पण असे बरेच पॅड दोनशे-तीनशे डिग्री तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. तुझी डिस्क दीडशेवर, पॅड जागा होतो अडीचशेवर, म्हणजे तुझा अख्खा रन पॅड झोपेत असतानाच संपणार.

हे मी ऐकीव नाही सांगत. सात-आठ वर्षं झाली, मीही असाच पूर्ण रेसचा सेट टाकला होता, तेव्हा मलाही कोणी समजावून सांगणारं नव्हतं. डिसेंबरची सकाळ, पहिला रन, पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं कडक आणि गाडी आपली चाललीच आहे, दोन डबे घेऊन बाहेर गेलो. तिथं डबेच होते, त्याचं काही नाही. खरं झालं ते परत येताना. रात्रीचे नऊ वाजले असतील, पांढरकवड्याच्या रस्त्यावर थंडी पडली होती, गाडीत घरचे होते, अर्ध्या तासात ब्रेकला पायही लावला नव्हता म्हणजे पॅड एकदम गार, आणि पऱ्हाटीतून रोही, म्हणजे नीलगाय, निघून रस्त्यात उभा राहिला. मी दोन्ही पाय गाडून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि रोह्याच्या पोटात हातभर अंतर होतं. मागं बसलेली माझी पोरगी घाबरून रडत होती. दुसऱ्या दिवशी उजाडताच जुने पॅड परत टाकले आणि तेव्हापासून रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पूर्ण रेसचा पॅड मी कोणाला टाकून दिला नाही, कितीही म्हणो.

तुझी गाडी बाजारातही जाते, दवाखान्यातही जाते. तिला पहिल्याच दाबात, गार असतानाच पकडणारा पॅड लागते, आणि नेमकं तेच ऑटोक्रॉसलाही लागते. यात तुझी दोन्ही कामं एकाच पॅडमधे होतात ही चांगली गोष्ट आहे.

आता, ओरिजिनल पॅड खरंच कमी पडतात का ते तूच तपासून बघ. प्लॉट मोकळा असताना, कोणी माणूस-ढोर आसपास नाही याची खात्री करून, ४० च्या स्पीडवर पेडल पूर्ण दाब. चाकं लॉक होऊन घसरली, किंवा तुझ्या मॉडेलला एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल पायाखाली थरथरलं, तर समज की पॅडमधे जोर भरपूर आहे, आता कमी पडते ते टायर आणि जमीन. चाक लॉक करायची ताकद ज्या पॅडमधे आहे त्याच्या जागी दुप्पट जोराचा पॅड टाकला तरी गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. हे डांबरावरही तपास, पण रस्त्यावर नको, कुठं मोकळं आवार मिळालं तर.

मग पॅडमधे बघायचं काय? बघायचं हे की पाय जेवढा दाबला तेवढाच ब्रेक लागला पाहिजे, थोडा दाबला तर थोडा, सोडला तर लगेच सुटला. डब्यांच्या खेळात वळणात शिरेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू सोडावा लागतो, तिथं झटक्यानं पकडणारा पॅड असला तर पुढचं चाक लॉक झालं आणि गाडी सरळ डब्यात. आणखी एक गोष्ट आहे जी लोक विसरतात. तुझ्या गाडीला मागं डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहेत, त्यात पॅडच्या जागी लायनर असते. पुढचे पॅड लय जोराचे टाकले आणि मागचे लायनर तसेच राहिले तर ब्रेकचा सगळा तोल पुढं सरकतो. डांबरावर ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं झुकते म्हणून तिथं ते खपून जाते, पण मुरमावर ब्रेक तेवढा बसतच नाही, वजन कमी झुकते, मागच्या चाकांनी जास्त काम करायला पाहिजे आणि तू तर पुढच्यांनाच जास्त दिलं. अशी गाडी वळतच नाही, नाक घेऊन बाहेर जाते, आणि पोट्टे दोष देतात टायरला.

म्हणून माझं मत, पहिल्या हंगामाला कंपनीचेच पॅड, नवीन, पक्क्या बिलावर. बाहेरचे घेतले तर पॅडच्या कडेला किंवा पाठीवर छापलेल्या लांब कोडमधे दोन इंग्रजी अक्षरं शोध, ईई, एफएफ, जीजी अशी असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं घर्षण सांगते, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. तुला एफएफ भरपूर झाला. ज्या पॅडवर काहीच छापलेलं नाही, डबीवर फक्त रंगीत चित्र आणि रेसिंग असं लिहिलंय, तो फुकट दिला तरी घेऊ नको. मी स्वतः एकदा स्वस्तात मिळाला म्हणून एका दुकानातून असा जोड घेतला होता, तीन महिन्यांत त्याचं मटेरियल पत्र्यापासून सुटायला लागलं, वेळेवर चाक उघडलं म्हणून दिसलं.

एक-दोन हंगाम खेळून हात बसला, डांबरावरच्या ऑटोक्रॉसला जायला लागला आणि ब्रेक खरंच कमी पडतात असं दिसलं, तर मधल्या पायरीचे पॅड आहेत, जे गारही पकडतात आणि सर्किटची थोडी उष्णताही सोसतात. ईबीसीचा यलोस्टफ, फेरोडोचा डीएस २५००, हॉकचा एचपी प्लस अशी नावं तुझ्या कानावर येतील. हे आवाज करतात, चाकं काळी करतात, डिस्क लवकर खातात, ते धरून चाल, आणि तुझ्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पार्ट नंबर जुळल्याशिवाय ऑर्डर देऊ नको. फेरोडोवरून आठवलं म्हणून सांगतो, तिची सुरुवात १८९७ मधे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड या माणसानं केली, त्यानं घोडागाडीवाले ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचं चामडं लावतात ते पाहिलं आणि त्याच्याहून चांगलं अस्तर बनवायच्या मागं लागला. म्हणजे सुरुवातच झाली ती उतारावरच्या गाडीसाठी काय टिकेल या विचारातून.

आणि उताराचंच म्हणशील तर तुझे पॅड जळायची भीती मला ऑटोक्रॉसपेक्षा चिखलदऱ्याच्या घाटाची जास्त आहे. चिखलदरा ते परतवाडा उतार सातशे मीटर धरला तरी हजार किलोची गाडी खाली आणताना जवळपास सहा हजार नऊशे किलोज्यूल मोकळे होतात, तुझ्या दहा रनच्या बरोबरीचे. गिअरमधे उतरला तर त्यातलं बरंच इंजिन खाते. न्यूट्रल करून ब्रेकवर पाय ठेवून उतरला तर सगळं डिस्कवर, आणि तिथं ना डबे असतात ना मोकळा प्लॉट. पेट्रोल वाचते म्हणून असं उतरणारे मी पाहिलेत, खाली येईपर्यंत चाकातून धूर.

रेसच्या सेटचे जे पैसे वाचतील ते कुठं घालायचे? पहिलं, ब्रेक ऑइल पूर्ण बदल. ते हवेतलं पाणी ओढून घेते, आणि आपल्याकडं जुलै-ऑगस्टमधे हवेत पाणीच पाणी. पाणी शिरलेलं ऑइल लवकर उकळते, आणि उकळलं की पेडल खाली जाते. डॉट म्हणजे ऑइलचा दर्जा. नवीन डॉट ३ चा उकळायचा बिंदू कमीत कमी २०५ डिग्री, पाणी शिरलं की १४०. डॉट ४ नवीन असताना २३०, पाणी शिरल्यावर १५५. डॉट ५.१ नवीन २६० आणि मग १८०. नुसता डॉट ५ हा सिलिकॉनचा असते, तो चुकूनही यात मिसळू नको. डॉट ४ घे, सीलबंद डबा घे, गॅरेजमधे अर्धा उघडा पडलेला नको. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतोच आपण, त्याच आठवड्यात ऑइल बदलून टाकायचं, पावसाळा सरलेला आणि हिवाळ्याच्या स्पर्धा पुढं, याच्यासारखा मुहूर्त नाही.

दुसरं, कॅलिपरच्या सरकत्या पिना. काळी माती ओली असताना आत शिरते आणि सुकली की विटेसारखी होते, पिन जाम, मग एकच पॅड घासतो आणि गाडी एका बाजूला ओढते. लोक पॅड बदलत बसतात, पिना कोणी काढूनही बघत नाही. पिना काढ, पुस, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लाव. बेअरिंगचं साधं ग्रीस लावू नको, त्यानं रबर फुगते.

तिसरं, पॅड बसवल्यावर त्याला डिस्कवर बसू दे. पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मागून ट्रॅक्टर-बंडी येत नाही बघून, ६० वरून १० पर्यंत बऱ्यापैकी जोराचा ब्रेक, पूर्ण थांबायचं नाही, परत स्पीड घ्यायचा, मधे अर्धा मिनिट जाऊ द्यायचा, असं आठ-दहा वेळा. मग दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न लावता चालव आणि गरम असताना हँडब्रेक ओढून उभी करू नको. यानं पॅडचा एक बारीक थर डिस्कवर बसतो आणि खरी पकड त्या थराची असते. थोडं पेट्रोल जाईल, पण रेसच्या सेटनं जे मिळालं नसतं ते यानं मिळते.

आणि स्पर्धा एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटर स्पर्धांच्या संघटनेच्या, मान्यतेची असेल तर त्यांचं लायसन्स लागते, ते वेळेत काढ, आणि तुझ्या क्लासमधे पॅड बदलायची परवानगी आहे का ते त्या स्पर्धेच्या नियमात आधी वाच. पहिला रन झाला की मला कळव, मी वाट बघतो.

प्रश्न : मी घरीच पॅड बदलले, व्हिडिओ पाहून. पण सुरू करून निघालो तर पेडल एकदम खाली गेलं, गेटला थोडी लागली. नंतर दोन-तीनदा दाबलं तर बरोबर झालं. काही चुकलं का? — एक वाचक, दर्यापूर

उत्तर : हो दादा, एक पायरी राहिली, आणि गेटवरच भागलं हे चांगलं झालं. नवीन पॅड जाड असतात म्हणून पिस्टन मागं ढकलावा लागतो, मग पिस्टन आणि पॅडमधे फट राहते. गाडी सुरू करायच्या आधी, जागेवरच, पेडल कडक होईपर्यंत पाच-सात वेळा दाबायचं, ऑइलची पातळी बघायची आणि मगच चाक हलवायचं. कोणालाही शिकवताना मी हे आधी सांगतो, पाना हातात द्यायच्याही आधी.

आता पेडल कडक राहते म्हणता तर बहुतेक पाइपात हवा शिरलेली नाही. पण दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत असेल किंवा स्पंजसारखं लागत असेल तर हवा काढून घ्या, आणि तरी तसंच राहिलं तर मास्टर सिलिंडर दाखवा, तोपर्यंत गाडी बाहेर काढू नका. पुढच्या वेळी दोन गोष्टी बघा. कॅलिपर काढला की तो ब्रेकच्या पाइपावर लटकत सोडू नका, तारेनं स्प्रिंगला बांधा. आणि पिस्टन ढकलताना वरच्या डबीवर लक्ष ठेवा, ऑइल भरून वाहिलं तर बोनेटचा रंग उडवते, सांडलं तर लगेच पाणी टाका.

ऑटोक्रॉसवाल्यांनी इथलं एक लक्षात ठेवावं, ब्रेक जायचे दोन प्रकार आहेत. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, जळका वास येतो, तर पॅड तापले. पेडलच खाली गेलं तर ऑइल उकळलं किंवा हवा आहे. दोन्हीचा इलाज वेगळा. पहिल्यात पॅडचा विचार करा, दुसऱ्यात कितीही भारी पॅड टाकले तरी काही होणार नाही. आणि पॅड ४ मिलीमीटरच्या खाली आला असेल तर स्पर्धेला तो नेऊ नका, पातळ पॅडमधून उष्णता लवकर ऑइलपर्यंत पोचते.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज ४० किलोमीटर जाणं-येणं आहे. यांनी माझ्या गाडीला कुठलेतरी भारी पॅड टाकून दिले, आता सकाळी शाळेच्या गेटवर इतकं चीं करते की मुलं वळून बघतात. हे धोक्याचं आहे का? — एक वाचक, आर्वी

उत्तर : ताई, सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला चीं होऊन नंतर बंद होत असेल तर धोका नाही, रात्रीचं दव डिस्कवर बसते आणि धातू जास्त असलेले पॅड आवाज करतातच. दिवसभर चालत असेल तर पॅडच्या पाठीमागची पातळ पट्टी बसवली का ते विचारा, ती बऱ्याच वेळा जुन्या पॅडसोबत फेकली जाते. खरखर किंवा घासल्याचा आवाज असेल, ब्रेक न लावताही येत असेल, तर मुरमाचा खडा डिस्क आणि पत्र्यामधे अडकलेला असू शकते, गाडी हळू मागं घेऊन एक-दोनदा ब्रेक लावला की बहुतेक पडून जातो. तरी गेला नाही तर त्याच दिवशी चाक काढून बघायला सांगा, पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत असेल तर दुरुस्तीला उशीर करायचा नाही. आणि तुमच्या रोजच्या रस्त्याला कंपनीचा साधा पॅडच सगळ्यात बरा, यांना माझं नाव सांगा.

प्रश्न : मुरमावर एबीएसमुळं गाडी लवकर थांबत नाही असं म्हणतात. फ्यूज काढून टाकू का? आणि हँडब्रेकवर गाडी फिरवायला मागं डिस्क करून घेऊ का? — एक वाचक, वणी

उत्तर : म्हणतात ते खरं आहे. मोकळ्या मुरमावर लॉक झालेलं चाक आपल्यापुढं मातीचा ढीग गोळा करते आणि तो ढीगच गाडीला अडवते, एबीएस चाक फिरत ठेवते म्हणून ढीग होत नाही आणि गाडी थोडी लांब जाते. पण लॉक झालेल्या चाकाला स्टिअरिंग काही ऐकू येत नाही. बंद मैदानात, स्पर्धेच्या नियमात बसत असेल तरच काय ते बघा, आणि फ्यूज काढलाच तर घरी निघायच्या आधी तो परत लावायचा, डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला बघायचा आणि मगच गेटच्या बाहेर. मी तर फ्यूजची पिशवी किल्लीलाच बांधून ठेवायला लावतो.

मागं डिस्क करू नका. हँडब्रेकसाठी ड्रम चांगलाच धरते, फक्त आतली धूळ काढून लायनर ॲडजस्ट करा आणि केबल तपासा, गाडी फिरेल.